फड्या निवडुंगाच्या बियांचे तेल

फड्या निवडुंगाच्या बियांचे तेल हे ओपन्शिया फायकस-इंडिका (कुल : कॅक्टेसी) या वनस्पतीच्या फळांतील बिया दाबून मिळवलेले स्थिर तेल आहे. ते मुख्यतः सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते. मोरोक्को व ट्युनिशिया येथे त्याचे उत्पादन होते.

ही वनस्पती मूळची मेक्सिकोतील. नावातील ‘इंडिका’ हा शब्द भारताचा नव्हे, तर स्पॅनिश लोक ज्याला ‘इंडीज’ म्हणत त्या अमेरिकेचा निदर्शक आहे. महाराष्ट्रात बांधांवर आढळणारा काटेरी फड्या निवडुंग याच वंशातील, परंतु ओपन्शिया एलाटिओरसारख्या वेगळ्या जातींचा असतो. त्यामुळे पुढील आकडे त्याला जसेच्या तसे लागू करू नयेत.

== रासायनिक घटक ==

तेलातील मेदाम्लांपैकी साधारण 55 ते 65 टक्के लिनोलेइक अम्ल असते. त्याखालोखाल ओलेइक (15 ते 25 टक्के) व पामिटिक (10 ते 13 टक्के) ही अम्ले येतात. या बाबतीत हे तेल सूर्यफूल तेलाच्या जवळचे आहे. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात तर लिनोलेइक अम्ल याहूनही अधिक असते. वेगळेपण शोधायचे ते मेदाम्लांव्यतिरिक्तच्या अल्पांशात. ई जीवनसत्त्वाच्या गटातील गॅमा-टोकोफेरॉल व स्टेरॉलांपैकी बीटा-सिटोस्टेरॉल यांचे त्यात प्राबल्य असते.

फळाचा लाल-पिवळा रंग ज्या बीटालेन द्रव्यांमुळे येतो, ती पाण्यात विरघळतात. तेलात उतरत नाहीत. फळाच्या गरावरील संशोधनाचे श्रेय जाहिरातींत अनेकदा तेलाला दिले जाते, ते म्हणूनच योग्य नाही.

== दाहशामक गुण ==

कॅराजिनन टोचून उंदरांच्या पंजाला सूज आणण्याच्या प्रचलित चाचणीत हे तेल दिल्यावर सूज कमी झाल्याचे आढळले आहे. उंदरांच्या जखमा लवकर भरून आल्याच्याही नोंदी आहेत. टोकोफेरॉले ऑक्सिडीकरणाला अटकाव करतात आणि बीटा-सिटोस्टेरॉल दाहकारक द्रव्यांची निर्मिती मंदावते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. लिनोलेइक अम्ल त्वचेतील सिरॅमाइडांचा घटक असल्याने त्वचेचा ओलावा टिकण्यास मदत होते. मात्र केवळ त्याच्या विपुलतेमुळे तेल दाहशामक ठरत नाही. याच अम्लापासून शरीरात अल्प प्रमाणात अॅराकिडॉनिक अम्ल बनते व त्यापासून दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिनेही तयार होतात.

माणसांवरील मोठ्या, नियंत्रित चाचण्यांचा आधार या तेलाला अद्याप नाही. इसब, सोरायसिस किंवा संधिवात यांवरील औषधांचा पर्याय म्हणून ते वापरणे त्यामुळे समर्थनीय नाही.

== उत्पादन व भेसळ ==

बिया लहान व अतिशय कठीण असतात आणि त्यांत तेल थोडेच असते. थंड दाबाने एक लिटर तेल काढण्यास सुमारे एक टन फळे लागतात, असे उत्पादक सांगतात. तेल महाग असण्याचे मुख्य कारण हेच. औषधी सामर्थ्य हे नव्हे. किमतीमुळे भेसळही होते. निवडुंगाची फुले वा पाती सूर्यफूल तेलात भिजवून केलेले स्वस्त तेलही याच नावाने विकले जाते. सूर्यफुलाशी मेदाम्लांचे साम्य असल्याने ही भेसळ ओळखण्यास स्टेरॉल व टोकोफेरॉल यांचेही पृथक्करण करावे लागते.

मोरोक्कोत 2014 पासून डॅक्टिलोपियस ओपन्शी या कोचिनियल कीटकाने निवडुंगाचे मोठे क्षेत्र नष्ट केले. त्यानंतर तेथे कीडप्रतिकारक वाणांची लागवड हाती घेण्यात आली.