शस्त्रक्रियेची रेषा कोणी आखली?

समजा, नागपुरातील एक गृहस्थ आहेत. उंची १६० सेंटिमीटर, वजन ८४ किलो, मधुमेह जुना आणि औषधांना दाद न देणारा. वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया असते. तिला ते पात्र ठरतील का? आज ठरतील. १९९१ सालच्या नियमाने मात्र ठरले नसते. माणूस तोच, मग रेषा का हलली?

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की निर्देशांक मिळतो. आपल्या गृहस्थांचा ३२.८ येतो, फळ्यावर करून पाहावे. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे बेल्जियमचे अदोल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात मांडले. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. त्यांना 'सरासरी माणूस' हवा होता, लठ्ठपणाशी काही कर्तव्य नव्हते! या भागाकाराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले.

मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी तज्ज्ञांची परिषद भरवली. तिने पात्रता ठरवली: निर्देशांक ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार. रुग्णाला धोके समजलेले असावेत, निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी त्याला तपासलेले असावे, याही अटी होत्या. लोकांच्या लक्षात राहिले ते दोन आकडे.

पण हा भागाकार चरबी आणि स्नायू यांत फरक करीत नाही. आमच्या मते खरी गोम इथेच आहे, आणि ती उकलण्यात पुण्याचा वाटा मोठा. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. किडकिडीत दिसणारे बाळ आतून 'चरबीदार' होते!

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र आले. दोघांचाही निर्देशांक २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

एका छायाचित्राने नियम बदलत नाहीत. आशियाई लोकांना कमी निर्देशांकालाच मधुमेह होतो, असे पुरावे अनेक देशांतून जमत होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्राने शस्त्रक्रियेची रेषा ३७.५ वर, आणि सोबत आजार असल्यास ३२.५ वर आणली. आपल्या गृहस्थांच्या उंचीला ३२.५ म्हणजे ८३.२ किलो, जुन्या ३५ ला ८९.६ किलो लागत.

२०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९९१ चा नियम बाजूला ठेवला. आशियाई लोकांना २७.५ पासूनच हा उपचार देऊ करावा, असे त्यांनी सुचवले. १६० सेंटिमीटर उंचीला तो आकडा ७०.४ किलो होतो.