व्रताचे राखणदार

वर्ध्याला पाहुणा आला की त्याच्या वाट्याला दोन गोष्टी हमखास येतात: सेवाग्राम आश्रम आणि गोरसपाकाचं खोकं. आश्रमात तो बापू कुटीची मातीची भिंत बघतो, संयमाबद्दल चार शब्द ऐकतो आणि परतताना गोड खोकं बॅगेत टाकतो. आम्हा वर्धेकरांना त्यात काही वावगं वाटत नाही. पण बाबांना मधुमेह निघाला आणि 'गोड कमी करा' हे वाक्य आमच्या घरात राहायला आलं, तेव्हा मी आश्रमाच्या जेवणाचा इतिहास शोधू लागलो. मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की माणसांची लागलेली चव सुटते कशी?

गांधी 1934 साली वर्ध्यात मुक्कामाला आले. त्याच वर्षी डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं काम चाले आणि चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. मगनवाडीचं स्वयंपाकघर म्हणजे अर्धी प्रयोगशाळाच. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल, सोयाबीन, कडुनिंबाचा पाला, सगळं आधी स्वतःच्या पानात वाढून बघायचं.

साखरेचा प्रश्न इथंच आला. 1932 साली सरकारनं साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण दिलं होतं आणि देशात साखर कारखाने भराभर उभे राहत होते. ग्रामोद्योगवाल्यांचा आग्रह गुळाचा. गूळ गावात तयार होतो, त्याचा पैसा गावात राहतो, आणि साखर शुद्ध करताना निघून जाणारे क्षार त्यात थोडेफार उरतात. शिंदी-ताडाच्या नीरेपासूनही गूळ करायचे प्रयत्न झाले.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा युक्तिवाद मुख्यतः गावच्या अर्थकारणाचा होता. 'गूळ चालतो' म्हणून आज जो मधुमेही गुळाच्या चहाचे दोन कप पितो, त्याला त्यातून सवलत मिळत नाही. गुळातही बहुतांश साखरच असते आणि रक्तातली साखर तोही वाढवतो.

मग संयमाचं काय? त्याचं उत्तर मला थोडं आधीच्या लिखाणात सापडलं. 1930 साली येरवडा तुरुंगातून गांधींनी साबरमतीच्या आश्रमवासीयांना दर आठवड्याला पत्रं लिहिली. ती पुढे 'मंगल प्रभात' नावानं पुस्तकरूपात आली. त्यांत अस्वादव्रताबद्दल लिहिताना ते सामायिक स्वयंपाकघराला मोठी मदत मानतात. आज काय शिजवायचं याचा विचार प्रत्येकानं करायचा नाही. जे तयार आहे ते समाधानानं खायचं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांना तर ते व्रताचे राखणदारच म्हणतात. म्हणजे जिभेशी रोजची झुंज एकट्यानं लढायची नाही, थोडा भार पंगतीनं उचलायचा.

यामागे घरचा अनुभवही असावा. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी असताना गांधींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितलं. तुम्हाला सांगितलं तर तुम्हालाही जमणार नाही, असं त्या म्हणाल्या. गांधींनी तिथल्या तिथं वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. बा रडल्या, शब्द मागे घ्या म्हणाल्या. त्यांनी घेतला नाही. आत्मकथेत हा प्रसंग आहे. पथ्य एकीचं होतं, पाळलं दोघांनी. अर्थात त्यात प्रेमाइतकाच दबावही आहे, आणि सोबतीनं पाळायच्या प्रत्येक नियमात ही धार असतेच.

दुसरीही एक बाजू आहे. गांधी 30 एप्रिल 1936 रोजी शेगावला राहायला गेले. त्या गावाचं सेवाग्राम नाव 1940 मधलं. व्रत घेणं ही निवड होती. गावातल्या गरीब माणसाच्या पानात सोडण्याजोगं गोड होतंच किती?

आणि आश्रमानं साखर पूर्ण हद्दपार केली, हाही गैरसमज आहे. 1942 साली आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात गांधींनी बैठं काम करणाऱ्या माणसाचा रोजचा आहार दिलाय. त्यात गूळ किंवा पांढरी साखर आहे दीड औंस, म्हणजे साधारण 42 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सुचवलेली मर्यादा दिवसाच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांहून कमी, म्हणजे 2000 कॅलरीच्या आहारात 50 ग्रॅमच्या आत. 25च्या आत राहिलं तर आणखी चांगलं. व्रत कडक वाटतं, माप मात्र आपल्या आवाक्यातलं आहे.

आमच्या घरात आईनं यातलं काहीच वाचलं नव्हतं. बाबांसाठी वेगळं भांडं ठेवायला तिनं पहिल्याच दिवशी नकार दिला. "चहा एकच होईल, सगळ्यांचा." आधी साखर निम्मी झाली, मग त्याच्याही निम्मी. आर्वी नाक्यावरच्या टपरीवर आम्ही चार मित्रांनीही तेच केलं. एकानं 'फिका' सांगितला की बाकीचे हसायचे. चौघांनी सांगितल्यावर टपरीवाला न विचारताच तसा चहा देऊ लागला. महिन्या-दीड महिन्यानं जुना चहा पाकासारखा लागायला लागला.

बाबांच्या गोळ्या सुरूच आहेत. फिका चहा औषधाची जागा घेत नाही. गोरसपाकही घरात येतो. फरक इतकाच, की खोकं उघडलं की एक तुकडा बाबांचा आणि एकेक आमचा. दुसरा तुकडा कोणीच घेत नाही, आणि त्यामुळे 'तुम्हाला चालत नाही' हे वाक्य बाबांना आता ऐकावं लागत नाही.