कर्मविपाक आणि ईश्वरी न्याय : मद्रासमधील एक वाद

कर्मसिद्धान्त आणि ईश्वरी न्याय यांची तुलना करताना अभ्यासक बहुधा एक सोयीची विभागणी पत्करतात. हिंदू, जैन व बौद्ध हे न्यायाधीशावाचून चालणारा नियम मानतात; यहुदी, ख्रिस्ती व इस्लाम हे नियमाचा स्वामी असलेला न्यायाधीश मानतात. जैनमतापुरती ही विभागणी खरी आहे. तेथे कर्म हे जीवाला चिकटणारे सूक्ष्म पुद्गलच असल्यामुळे फलदात्याची गरज उरत नाही. इतरत्र मात्र ती डळमळते. बादरायणाने जैमिनीचे मत नोंदवून फलदाता ईश्वरच ठरविला. आणि ज्या कुराणात अखेरच्या निवाड्याचा एवढा दरारा आहे, त्याचा एक अपवाद वगळता प्रत्येक अध्याय परमेश्वराच्या दयेच्या उच्चाराने सुरू होतो. न्याय आणि दया यांची ओढाताण ही उभय पक्षांची घरचीच अडचण होय. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, झालेल्या एका वादातून ती विशेष स्पष्ट झाली.

अल्फ्रेड जॉर्ज हॉग हे स्कॉटिश मिशनरी 1903 साली मद्रास ख्रिश्चन कॉलेजात आले आणि तत्त्वज्ञान शिकवू लागले. कर्म व उद्धार या विषयावरील त्यांचे लेख प्रथम कॉलेजच्या मासिकात आले व 1909 साली ग्रंथरूप झाले. हॉग यांचा आक्षेप असा की, कर्मवाद विश्वाला न्यायालयाचे स्वरूप देतो. ज्याचे दुःख त्याचीच ती शिक्षा. मग एकाने दुसऱ्यासाठी सोसणे, हे नीतीतील परमोच्च कृत्य, त्या विश्वात अर्थहीन ठरते. परंतु हा आक्षेप केवळ परपक्षावर पडत नव्हता. ख्रिस्ताने मानवजातीचा दंड भरला, ही रूढ मांडणीही न्यायालयाचीच होती. हॉग यांनी हे ओळखले. म्हणूनच ग्रंथाच्या उपशीर्षकात हिंदुधर्माच्या अर्थविवरणाबरोबर ख्रिस्ती धर्माच्या पुनर्मांडणीचाही उल्लेख आहे. दुसऱ्याच्या धर्माची परीक्षा करता करता स्वतःच्या धर्माचा अर्थ नव्याने लावण्याचा हा प्रामाणिकपणा त्या काळच्या मिशनरी वाङ्मयात विरळा होता.

तरीही त्यांचे चित्र अपुरे राहिले. मद्रासपासून फार दूर नसलेल्या श्रीपेरुंबुदूर येथे रामानुजांचा जन्म झाला. त्यांच्या संप्रदायातील वडकलै व तेंकलै या शाखांत शतकानुशतके ईश्वरकृपेचाच वाद चालला : भक्ताने वानराच्या पिलासारखे आईला घट्ट धरावयाचे, की मांजराच्या पिलासारखे निश्चेष्ट राहून तिच्याकडून उचलले जावयाचे? कर्माच्या हिशेबापलीकडे जाणारी दया ही या भूमीत परकी कल्पना नव्हती.

हॉग यांच्या वर्गात सर्वपल्ली राधाकृष्णन होते. वेदान्तात नीतीला स्थान नाही, हा आरोप त्यांना बोचला होता. त्याला उत्तर देणारा त्यांचा प्रबंध 1908 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1926 साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी कर्माला न्यायालयातून बाहेरच काढले. वाटणीला आलेले पत्ते पूर्वकर्माचे, पण डाव खेळणाऱ्याच्या हाती, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. त्याआधी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य या जोडीला एक स्वतंत्र प्रकरण देऊन याच प्रश्नाला हात घातला होता. दोघांनीही मनुष्याचे कर्तृत्व वाचविले. परंतु पत्ते असे का वाटले गेले, हा प्रश्न तेथे मागेच राहिला.

तो विचारणारे लोक त्याच शहरात होते. पंडित अयोति दास यांनी 1898 साली मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ स्थापिला. अस्पृश्य मानलेले लोक पूर्वीचे बौद्ध होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते इतिहास म्हणून कितपत टिकते, हा वेगळा प्रश्न. पण हीन स्थितीचे कारण त्यांनी पूर्वजन्मात न शोधता पूर्वेतिहासात शोधले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांचे समकालीन पी. लक्ष्मी नरसू यांनी हॉग यांच्याच कॉलेजात विज्ञान शिकविले होते. बौद्ध धर्माचे सार सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1907 साली निघाला. देहांतर करणारा आत्मा त्यांना मान्य नव्हता. याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला 1948 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रस्तावना लिहिली. त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रपर ग्रंथात त्यांनी स्वतःही या प्रश्नाचा निकाल लावला. कर्म हा नैतिक व्यवस्थेचा नियम म्हणून त्यांनी स्वीकारला. मात्र गरिबाचे दैन्य पूर्वजन्मावर लोटणारी उपपत्ती समाजाला जबाबदारीतून सोडविते, म्हणून ती त्यांनी नाकारली.

हा दोष केवळ कर्मवादाचा नव्हे. बायबलातील ईयोबाचे मित्र त्याच्या यातनांवरून त्याचे पाप सिद्ध करू पाहतात आणि अखेर परमेश्वर त्या मित्रांनाच दोषी ठरवितो. तेव्हा तुलनेची खरी कसोटी न्यायाधीश असण्या-नसण्यात नाही. आपले दुःख आपल्या कर्माचे, असे मनुष्य स्वतःविषयी म्हणतो तेव्हा ती जबाबदारीची जाणीव असते. तेच वाक्य शेजाऱ्याच्या दुःखाविषयी उच्चारले की ती निष्ठुरता होते. मद्रासच्या त्या वादात धर्मांची श्रेष्ठकनिष्ठता ठरली नाही. पण कोणत्याही धर्माला हा भेद विसरता येणार नाही, एवढे निश्चित झाले.