कॅनियनिंग करणाऱ्यांना कोणत्या घळी सर्वाधिक आवडतात?

दोर लावून, पोहत, खडकांवरून घसरत घळ वरून खाली पार करणे म्हणजे कॅनियनिंग. या छंदात सर्वाधिक ओढ असते ती 'स्लॉट कॅनियन'ची. पाण्याने खडक कापून तयार झालेल्या या घळी खोल, पण काही ठिकाणी जेमतेम एका माणसापुरत्या रुंद असतात. अमेरिकेच्या युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानातल्या वालुकाश्माच्या घळी यासाठी प्रसिद्ध आहेत.

दुसरी पसंती वाहत्या पाण्याच्या घळींना. आल्प्समध्ये धबधब्यातून दोराने उतरणे आणि डोहात उड्या मारणे हेच मुख्य आकर्षण असते.

महाराष्ट्रात असा अनुभव साम्रद गावाजवळची सांदण दरी देते. बेसाल्टच्या या अरुंद घळीतून कोकणाकडे उतरताना रॅपलिंग करावे लागते.

मात्र जी अरुंदता मोहात पाडते, तीच जिवावर बेतते. पाऊस दूर डोंगरात पडला तरी पाण्याचा लोंढा घळीत येतो आणि बाजूला व्हायला जागा नसते. १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधील साक्सेटेनबाख घळीत २१ जणांचा, तर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये ७ जणांचा असाच मृत्यू झाला. म्हणून घळीत उतरण्यापूर्वी केवळ डोक्यावरचे आभाळ पाहून भागत नाही. वरच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा हवामान अंदाज पाहावा लागतो.