हवामान-दुरुस्ती गुणक (इंजिन डायनो)

डायनोवर (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेली अश्वशक्ती प्रमाणित हवामानात किती भरली असती, हे काढण्यासाठी वापरला जाणारा गुणक. हवा गरम, दमट किंवा विरळ असली की सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी जातो, इंधन कमी जळते आणि जोर घटतो.

अमेरिकेतील एसएई जे१३४९ हे मानक २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब गृहीत धरते. जुने जे६०७ मानक साधारण १५.६ अंश आणि १०१.३ किलोपास्कल मानते. त्यामुळे तेच इंजिन जे६०७ नुसार सुमारे चार टक्के ‘दमदार’ दिसते. आकडे फुगवून सांगायचे तर हाच सोपा मार्ग!

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०९ मीटर उंच आहे. तिथे कोरड्या हवेचा दाब ८३.५ किलोपास्कल आणि तापमान ३० अंश असेल, तर जे१३४९ चा गुणक सुमारे १.२३ येतो आणि मोजलेली २०० अश्वशक्ती कागदावर २४६ होते.

तापमापक कुठे ठेवला, यालाही महत्त्व आहे. इंजिन ३० अंशांची हवा ओढत असताना तापमापक तापलेल्या रेडिएटरजवळ ४० दाखवू लागला, तर निकाल जवळपास दोन टक्क्यांनी वाढतो.

टर्बो इंजिनांत कॉम्प्रेसर विरळ हवेची तूट बरीचशी भरून काढतो. अशा इंजिनांना नैसर्गिक श्वसनाच्या इंजिनांचा गुणक सरसकट लावल्यास उंचावरील शहरांत अश्वशक्ती अवास्तव निघते.