उकिरड्यातली अळी

आमच्या भीमा-घोडच्या पट्ट्यात, शिरूर काय नि दौंड काय, कोंबडीसाठी वेगळं खाद्य विकत आणायची रीत नव्हती. सुपातनं सांडलेली बाजरी, ताटातली खरकटी शितं, एवढंच. बाकीचं पोट उकिरड्यावर भरायचं. चैत्र-वैशाखात खत भरायला उकिरडा उकरला की कुदळीच्या घावासरशी पांढऱ्या हुमण्या उघड्या पडायच्या आणि कोंबड्या माणसाच्या पायात यायच्या. हाकलल्या तरी हलत नसत. अंड्याचा पैसा बायकांचा. त्यातनं मीठ-मिरची, पोराची पाटी व्हायची.

मग पोल्ट्री आली. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. शेडमधली कोंबडी अंडी भरपूर देते, त्यात वाद नाही. पण तिचा पाय मातीवरनं उचलला गेला, आणि मका-सोयापेंड विकत आणावी लागली. पोल्ट्रीच्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा खाद्यातच जातो. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं, तेव्हा सरकारनं 12 लाख टन पेंड बाहेरनं आणायला परवानगी दिली. पोल्ट्रीवाला सुटला, सोयाबीनवाला चिडला. दोघंही शेतकरीच!

आता तीच अळी नव्या नावानं परत आलीय. ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ ही काळी, लांबट माशी मूळची अमेरिका खंडातली, पण आपल्याकडंही ओल्या कचऱ्याच्या टोपलीत न बोलावता येते. चावत नाही, घरमाशीसारखी ताटावर घोंगावत नाही. अंडी घालते न् थोड्या दिवसांत मरते. अळी मात्र दोन-तीन आठवडे खरकट्याचा फडशा पाडते. पुरती वाढली की आपण होऊन कोरड्या जागी चढून येते. भांड्याला तिरपी वाट ठेवली की वेचायचंही काम नाही. वाळवलेल्या अळीत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. उरलेला चोथा रानात खताला.

युरोपानं 2017 ला माशांच्या आणि 2021 ला कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकांची प्रथिनं चालवून घेतली. पण या अळ्यांना हॉटेल-घरातलं खरकटं घालायला तिथं मनाई आहे. आपल्याला तर अळी हवीय ती खरकट्यासाठीच! म्हणून जपायला पाहिजे. कचऱ्यात कॅडमियमसारखा जड धातू असला तर तो अळीच्या अंगात साठतो, मग कोंबडीच्या. ओला-सुका कचरा वेगळा करायचा नियम 2016 पासून आहे. पाळतात किती, ते शहरातनं येणारी गाडी उघडली की दिसतं. पंगतीतला उरलेला भात, खानावळीतलं खरकटं, बाजारातली सडकी भाजी खुशाल घ्यावी. सेल आणि औषधाच्या बाटल्या मिसळलेला ढीग फुकट दिला तरी घेऊ नये.

मोठे कारखाने निघतील ते निघोत. पहिलं पिंप मात्र घरामागं, खुराड्याशेजारी बसावं, आणि अंड्याचा पैसा पूर्वीसारखा घरच्या बाईच्या हातात पडावा.