जालीय महाविश्लेषण
एकाच रोगावरील अनेक उपचारांच्या स्वतंत्र चाचण्या एकत्र करून त्या उपचारांची परस्पर तुलना करण्याची सांख्यिकीय पद्धती. अ व ब तसेच ब व क यांच्या चाचण्या झाल्या असल्यास अ व क यांची अप्रत्यक्ष तुलना तीमुळे शक्य होते.

कार्ल पीअर्सन यांनी १९०४ मध्ये भारत व द. आफ्रिका येथील ब्रिटिश सैनिकांच्या आंत्रज्वर-लसीकरणाची आकडेवारी एकत्रितपणे अभ्यासली. ‘मेटा-ॲनॅलिसिस’ ही संज्ञा जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये रूढ केली. टी. लम्ली (२००२) आणि जी. लू व ए. ई. एड्स (२००४) यांनी उपचारांच्या जालासाठी प्रतिमाने मांडली. यांपैकी लू व एड्स यांचे प्रतिमान टॉमस बेझ यांच्या प्रमेयावर (१७६३) आधारलेले आहे.

अशा प्रतिमानांपैकी कोणते आकडेवारीशी अधिक जुळते, हे ठरविण्यासाठी डेव्हिड स्पीगलहॉल्टर व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये एक निकष सुचविला. त्यात निरीक्षणांपासूनच्या तफावतीत प्रतिमानाच्या जटिलतेचे माप मिळवितात. बेरीज कमी असणारे प्रतिमान सरस मानतात. दोन-तीन एककांचा फरक मात्र निर्णायक नसतो. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष पुराव्यांतील विसंगती तपासण्याची रीत लू व एड्स यांनी २००६ मध्ये दिली.

आकडेवारीशी जुळणारे प्रतिमान प्रत्येक ठिकाणी लागू पडतेच असे नाही. शहापूर व मुरबाड (जि. ठाणे) यांसारख्या ग्रामीण तालुक्यांतील रुग्णांचे उपचार बहुधा अन्यत्र झालेल्या चाचण्यांवरून ठरतात. तेथील कुपोषण किंवा रुग्णालयात पोहोचण्यास होणारा विलंब चाचण्यांत नोंदलेला नसेल, तर ही उणीव कोणताही निकष दाखवीत नाही. ती वैद्यालाच ओळखावी लागते.